आपा, डबा घरचाच आणलाय

आपा, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी रडू आलं नाही, राग आला. माझ्या नावानं दुसऱ्यांना शब्द देऊन ठेवायचा आणि तो पाळायची वेळ आली की स्वतः निघून जायचं, ही कुठली रीत? आपलं भांडण अर्धं राहिलं होतं. रविवारी घरी येते आणि उरलेलं भांडते, असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "ये बेटा. खिचडी-खट्टा करते. रिकाम्या पोटी भांडलं की डोकं दुखतं." रविवार उजाडायच्या आत तुम्ही झोपेतच गेलात. तुमचा चाळिसावा दिवस अजून व्हायचाय, पण माझ्याच्यानं थांबवत नाही. आता उरलेलं भांडण मी एकटी करणार आहे, आणि एकदा तरी तुम्ही मधे बोलायचं नाही.

मी तुमच्या हाताखाली नोकरीला लागले तेव्हा ऑफिसात आधीच दोन सविता होत्या. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत आणि गाव विचारलंत. फुलंब्री, म्हटलं. "बस, मग तू फुलंब्री," आणि त्या दिवसापासून माझं बारसं झालं. सगळं ऑफिस तुम्हाला मॅडम म्हणायचं. मी एकदा चुकून आपा म्हणाले, कारण गावाकडे शेजारच्या घरातल्या थोरल्या मुलीला मी आपाच म्हणायचे आणि तीही तुमच्यासारखीच कमरेवर हात ठेवून उभी राहायची. मी जीभ चावली. तुम्ही नुसतं नकाशाकडे बघत म्हणालात, "आपा म्हटलं की काम दुप्पट करावं लागतं, माहितीय ना?" ते मात्र तुम्ही खरं करून दाखवलंत.

जीपमधून साइटवर जाताना तुमच्या गोष्टी ऐकायला मिळायच्या. औरंगपुऱ्यात तुमच्या अब्बांचं कापडाचं दुकान होतं. मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगला जातेय म्हटल्यावर गिऱ्हाईकं विचारायची, म्हणजे ही विटा उचलणार का? अब्बा मापं घेता घेता सांगायचे, "उचलेल, आणि तुमच्या घरावर रचून पण देईल." शिकून नोकरी लागली तर साहेबांनी तुम्हाला टेबलावर बसवलं, अंदाजपत्रकं करायला. साइटवर बाईमाणसासाठी संडास नाही, तुमची गैरसोय होईल, असं ते फार काळजीनं म्हणाले होते. तुम्ही संध्याकाळच्या आत एक अंदाजपत्रक त्यांच्यासमोर ठेवलंत. साइटवरच्या संडासाचं. "साहेब, एवढं मंजूर करा. माझी पण अडचण मिटेल आणि तुमची पण."

म्हणजे इंजिनिअर म्हणून तुम्ही बांधलेली पहिली वास्तू म्हणजे एक संडास. हे तुम्ही इतक्या रुबाबात सांगायचात की ड्रायव्हर गाडी हळू करायचा. साइटवरच्या मजूर बायांनी त्याचं दार पहिल्यांदा लावून घेतलं आणि कितीतरी वेळ बाहेरच येईनात. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या बाया शिव्या घालायला लागल्या, ही तुमची लाडकी आठवण. बक्षीस मिळालं तर ते असं मिळावं, म्हणायचात. मध्यंतरी त्या बाजूला गेले होते तेव्हा मी मुद्दाम वाट वाकडी करून तो बघून आले. आता त्यात शेळ्या बांधतात, पण भिंतीला एक तडा नाही. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

आणि तुमचा तो डब्याचा कायदा! काम पूर्ण झालं की त्याच्या शेजारी, जमलं तर त्याच्या खाली, बसून जेवायचं. इंजिनिअर, कंत्राटदार, मुकादम, सगळ्यांनी. डबा घरचाच पाहिजे, हॉटेलचा चालायचा नाही. "हॉटेलचं खाताना माणूस खोटं बोलू शकतो. घरच्या भाकरीवर नाही बोलत." हा सिद्धांत मला कॉलेजात कुणी शिकवला नव्हता आणि तुम्हीही तो कुठे वाचला नव्हतात.

देवगाव रंगारीकडच्या त्या वाडीवरची टाकी आठवते? उंच खांबांवरची नवीन टाकी, पहिल्यांदा काठोकाठ भरलेली, आणि तिच्या बरोबर खाली तुम्ही सतरंजी अंथरलेली. माझा घास गिळता गिळत नव्हता, सारखी वर बघत होते. तुम्ही म्हणालात, "फुलंब्री, ताटात बघ. वर बघायचं ते नकाशा काढताना बघायचं असतं." आणि तेवढ्यात कंत्राटदाराच्या आमटीत टपकन एक थेंब पडला. सगळ्यांच्या माना वर. कंत्राटदार हसला आणि म्हणाला, "दव असंल मॅडम." तुम्ही शांतपणे भाकरी मोडत विचारलंत, "भर दुपारी? तुमच्याकडं दव जेवायच्या टाइमाला पडतं का?" बिचाऱ्यानं ती आमटी पुढं खाल्लीच नाही. जेवण आटोपायच्या आत त्यानं स्वतःच टाकी रिकामी करायला माणसं लावली आणि आतून सगळं काम पुन्हा केलं. दुसऱ्यांदा आपण तिथं जेवलो तेव्हा त्याच्या बायकोनं आपल्या सगळ्यांसाठी पुरणपोळ्या पाठवल्या होत्या. तुम्ही दोन खाल्ल्यात आणि तिसरी पदरात बांधून घेतलीत. मी बघितलं होतं.

टाक्यांवर सगळे खूश असतात. टाकी भरली की नारळ फुटतो, सरपंच हार घालतो. आपल्या शहरात तर नळाला पाणी आलं की लोक लग्नघरातल्यासारखे धावतात. म्हणून मुलं मोठी झाल्यावर, संध्याकाळच्या वर्गात आपल्या लेकीच्या वयाच्या पोरांशेजारी बसून तुम्ही पर्यावरण अभियांत्रिकीची दुसरी पदवी घेतलीत आणि सांडपाण्याकडे बदली मागितलीत, तेव्हा ऑफिसला वाटलं की तुम्हाला शिक्षाच झाली. कुणी कुणी तर येऊन सांत्वन करून गेलं. तुम्ही त्यांना चहा पाजलात. बदली मागताना तुम्ही माझंही नाव दिलं होतंत, मला न विचारता. मी चिडून आत आले. पाणी आणणाऱ्याला लोक हार घालतात आणि घाण नेणाऱ्याला बघून नाक धरतात, मला कशाला ओढता यात? तुम्ही म्हणालात, "आणलेलं पाणी जातं कुठं, हे बघायला पण कुणीतरी पाहिजे ना. आणि मला एकटीला जेवायला बोर होतं."

त्यातलं दुसरं कारण खरं होतं, असं मला आजही वाटतं.

तुमच्यामुळे माझं लग्नसुद्धा मोडता मोडता जमलं. मला बघायला पाहुणे आले त्या दिवशी तुम्ही वडीलधाऱ्या म्हणून येऊन बसला होतात. आईनं सांगितलं, पोरगी पाण्याच्या खात्यात आहे. तुम्ही लगेच पुढं सरसावलात. "आई, अर्धंच कशाला सांगता? लोक पाणी पितात ना, त्याच्यानंतरचं सगळं ही बघते." आईच्या हातातल्या पोह्यांच्या बशा खडखडल्या. होणाऱ्या सासूबाईंचा चमचा हवेतच राहिला. पण मुलगा खो खो हसला आणि त्यानं मला विचारलं, "आमच्या वाळूजच्या कारखान्याचं सांडपाणी कुठं जातं, ते तुम्हाला माहीत असेल मग?" मी त्याला पूर्ण मार्ग सांगितला. त्यानं तो नीट ऐकून घेतला. मी तिथंच मनातून होकार देऊन टाकला. आजही घरात काही बिनसलं की तो म्हणतो, "तुझ्या आपांना फोन लाव, त्यांनीच हे प्रकरण मंजूर केलंय."

सांडपाणी साफ करणाऱ्या केंद्रांवरही तुमचा डब्याचा कायदा सुटला नाही. उलट तिथं तो जास्तच कडक झाला. केंद्र नीट चाललं तर ओल्या मातीसारखा वास येतो, बाकी काही नाही. तो वास तुम्ही मला जेवता जेवताच ओळखायला शिकवलात. एकदा तुमच्या डब्यात शेपूची भाजी होती आणि मी माझा डबा उचलून पार दुसऱ्या झाडाखाली जाऊन बसले. तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात, "या अल्ला, ही बघा इंजिनिअर! अख्ख्या शहराचा मैला शेजारी चालतो आणि शेपूला नाक मुरडते!" माझी ती कीर्ती मग सगळ्या जिल्ह्यात पसरली.

आता आपल्या भांडणाकडे येते.

नाल्याकाठच्या त्या वस्तीत छोटं केंद्र बांधायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा तुम्ही निवृत्त होऊन गुलाब लावत होतात. नाल्यात जाणारं घाण पाणी तिथंच साफ करायचं आणि त्यावर एक बाग करायची, असा बेत होता. वस्तीनं पहिल्याच दिवशी खोदकाम बंद पाडलं. सगळ्यांत पुढे गयाबाई, जेसीबीच्या दातांसमोर पाटावर बसलेल्या. मी त्यांना नकाशे दाखवले, दुसरीकडच्या केंद्रांचे फोटो दाखवले, तपासणीचे आकडे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "कागद नगं दावू बाई. वास कागदात येत नसतो." मी हात टेकले आणि तुम्हाला फोन केला. तुम्ही रिक्षातून उतरलात, सरळ गयाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसलात आणि आधी चहा मागितलात.

"बाई, तुम्ही बरोबर बोलल्या. कागदाला वास नसतो," तुम्ही म्हणालात.

"मंग? उद्या घान सुटली तर आमी कुठं जावं? तुमी जाताल रिक्षात बसून."

"ही माझी पोरगी. केंद्र चालू झाल्या दिवसापासून ही रोज दुपारी इथंच बसून जेवेल. ज्या दिवशी डबा उचलून पळाली, त्या दिवशी तुम्ही खुशाल कुलूप ठोका. कुणी तुम्हाला अडवणार नाही."

गयाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "रोज?"

"हौ, रोज."

मी तडक जाऊन रिक्षात बसले. मागं ओट्यावर तुम्ही दोघी आणखी काहीतरी बोलत होतात, हसतही होतात. मला ते ऐकायचंच नव्हतं.

रिक्षात मी तुम्हाला काय काय बोलले! पहिल्या दिवसांत फेस येतो, वास येतो, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. केंद्र म्हणजे दह्यासारखं असतं, जुन्या केंद्रातला गाळ विरजण म्हणून आणून लावायचा आणि त्यातले सूक्ष्म जीव वाढेपर्यंत धीर धरायचा, हे तुम्हीच तर मला शिकवलं होतंत. आणि तुम्ही म्हणता पहिल्या दिवसापासून? त्या बाईनं कुलूप लावलं तर केंद्र कायमचं गेलं, नाला तसाच राहणार आणि पोरं त्याच्याच काठी खेळणार. तुम्ही खिडकीबाहेर बघत ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "म्हणून तर बोलले. दुसऱ्याच्या नाकासाठी विरजण लावशील तर घाई करशील. स्वतःला जेवायचं असलं की नीट लावशील." मी म्हटलं, शब्द द्यायचा तर स्वतःच्या नावानं द्या. तुम्ही म्हणालात, "माझ्या नावाचा काय भरवसा आता? वय बघ माझं." मला तेव्हा तो बहाणा वाटला. त्यानंतर केंद्र बांधून होत आलं तरी फोनवर रोज थोडं थोडं भांडण चालूच होतं, आणि शेवटचा फोन तो, रविवारी येते म्हटलेला.

तुमच्या घरी सगळे जमले त्या दिवसाचं सांगते, कारण ते तुम्हाला फार आवडलं असतं. पुरुष तुम्हाला घेऊन कब्रस्तानात गेले होते, ते परत आले. मी आत तुमच्या लेकीजवळ, सनाजवळ बसले होते. स्वयंपाकघरातला नळ टपटपत होता. शहराच्या गळत्या शोधत फिरणाऱ्या बाईच्या घरात, दिव्याखाली अंधार! मग आपल्या ऑफिसातला एकेक जण पाणी पिण्याच्या निमित्तानं आत यायचा, डोळे पुसायचा आणि जाता जाता तो नळ थोडा आवळून जायचा. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपांसाठी एवढं तरी करावं. शेवटी आले ते तुमचे पहिले साहेब, तुम्हाला टेबलावर बसवणारे. काठी टेकत आत आले, टपटप ऐकली आणि उरलेल्या सगळ्या ताकदीनिशी नळ पिरगळला. तो त्यांच्या हातातच आला. असं कारंजं उडालं की साहेब डोक्यापासून भिजले, शेगडीवरचा चहा गेला, आणि अर्ध्या जिल्ह्याचे इंजिनिअर त्या तीन हातांच्या स्वयंपाकघरात एकमेकांना सूचना देत उभे राहिले. एकालाही पाणी बंद करायचा मुख्य कॉक कुठं आहे ते ठाऊक नव्हतं. सना सकाळपासून दगडासारखी बसली होती, ती हसायला लागली. "अम्मी असती तर सगळ्यांना सस्पेंड केलं असतं," म्हणाली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

कॉक गच्चीवर टाकीपाशी होता. मी धावत वर गेले, तो बंद केला, आणि मग तिथंच, टाकीला टेकून बसले. तुमचे गुलाब समोर होते. तेव्हा मला रडू आलं. आपा, मला तुमची फार आठवण येते. मला रस्त्यात फोन हातात घेऊन तुमचा नंबर लावावासा वाटतो, आणि सांगण्यासारखं काही नसलं तरी वाटतो. माझ्या आईनं मला वाढवलं आणि तुम्ही मला हुकूम सोडले, पण या शहरात कमरेवर हात ठेवून उभं राहायला मी तुमच्याकडे बघूनच शिकले. हे तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, पुरे, काम कर.

तर काम केलं. राग धरून केलं, पण केलं. विरजणाचा गाळ स्वतः जाऊन निवडून आणला. घाण पाणी एकदम सोडलं नाही, हळूहळू सोडलं. पाणी आत येतं तिथली टाकी झाकून घेतली, गाळणीवर अडकलेला कचरा साचू दिला नाही. हवा सोडणाऱ्या यंत्रांपाशी इतकी उभी राहिले की ऑपरेटर म्हणाला, मॅडम, तुम्ही घरी जा, मी पळून नाही जात. आणि केंद्र रीतसर चालू झालं त्या दुपारी, सगळी वस्ती गच्च्यांवर आणि दारांत उभी असताना, मी केंद्राच्या कठड्याजवळ सतरंजी अंथरली. डबा घरचा. धपाटे आणि दही. पहिला घास मोडला. तुमचा आवाज ऐकू आला, ताटात बघ.

फेस होता थोडा. वारा फिरला आणि माझ्यावरून वस्तीकडे गेला. मी श्वास रोखून धरला, मग वाटलं रोखून काय उपयोग, आणि भरून घेतला. ओली माती.

गयाबाई खाली आल्या. एका हातात भलंमोठं पितळी कुलूप, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. कठड्यापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी मोठा, सावकाश वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. माझा धपाटा हातातच राहिला होता. मग त्या गुडघ्यावर हात टेकत माझ्यासमोर सतरंजीवर बसल्या.

"वास नाय," त्या म्हणाल्या. "त्या कुठंयत वो? थोरल्या बाई?"

मी सांगितलं. त्यांनी कुलूप सतरंजीवर ठेवलं. मग फडक्याची गाठ सोडली. बाजरीची भाकरी होती आणि अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी.

"त्यांनी मागितली व्हती त्या दिशी. म्हनल्या, पैल्या दिवशी मी येते, तुमच्या हातची अंबाडी खाऊ घाला. मी सकाळधरनं वाट बघत व्हते. म्हनलं, बाई बोलून गेली म्हंजी येनारच." डोळ्यांना पदर लावून त्यांनी भाकरी माझ्याकडे सरकवली. "आता तूच खा. तुलाच पोरगी म्हनल्या व्हत्या."

आपा, मी तुमची भाकरी खाल्ली. सगळी. अंबाडी झणझणीत होती, तुम्ही हाश-हुश करत आणखी मागितली असती. गयाबाईंनी माझे धपाटे खाल्ले आणि दही आंबट आहे म्हणून नावं ठेवली. उठताना त्यांनी कुलूप उचललं. मी म्हटलं, आता कशाला ते? म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे माज्यापाशी. अजून लई दिवस जायचेत." तुमच्या तालमीत तयार झाल्यासारख्या बोलल्या.

भांडण तुम्ही जिंकलात. समोर बसून जिंकायला हवं होतं, म्हणजे मला चिडता आलं असतं.

आणखी एक. वस्तीच्या वाटेला लागता लागता गयाबाई वळल्या आणि ओरडून म्हणाल्या, "उद्या शेपू आणते गं!" मी मान हलवली. काय करणार? डबा उचलून पळायचं नाही, असा शब्द दिलाय तुम्ही माझ्या नावानं.